आत्याला गाडी लागली

तातडीरावांनी त्या दिवशी टॅक्सी बोलावली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. तशी त्यांनी बोलावलीही होती. पण टॅक्सीवाला म्हणाला, "दहा मिनिटांत येतो," आणि दहा मिनिटं थांबायची वेळ आली की तातडीरावांच्या तळपायांना मुंग्या येतात.

तातडीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या बिल विभागात ते समोर येईल त्या कागदावर 'तातडीचे' असा लाल शिक्का मारतात, म्हणून ऑफिसाने त्यांचं हे बारसं केलं. (सगळेच कागद तातडीचे झाल्यामुळे त्या विभागात आता कुठलाच कागद कोणी तातडीने बघत नाही, ती गोष्ट वेगळी.) घरातही तीच तऱ्हा. लिफ्ट खाली येत असताना हे बटण दाबतच राहतात. चहा उकळायच्या आत गाळतात. बायकोचं वाक्य अर्धं होतंय न होतंय तोच यांचं उत्तर तयार असतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.

तर आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आत्या म्हणजे तातडीरावांच्या वडिलांची धाकटी बहीण. नर्स म्हणून नोकरी केली, दवाखान्याची जीप स्वतः चालवत गावोगाव लशी टोचल्या, आणि निवृत्त होऊन आता नव्या चष्म्यासाठी भाच्याकडे आली होती. दुखणी-खुपणी, रक्त, ताप, कशाचंही तिला भय नाही. तिची एकच खोड. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसली की तिला गाडी लागते.

"मी चालवते की," ती म्हणाली. "चालवताना मला कधी लागली नाही."

"आत्या, तुला चष्म्यासाठीच नेतोय ना?" असं म्हणून तातडीराव हसले आणि दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेल्या चावीकडे बघू लागले.

ती चावी म्हणजे त्या घरातला नाजूक विषय होता. गाडी बायकोची. बायको बँकेत, गाडी तिच्या पगाराची, आणि चालवणारीही तीच. तातडीरावांना गाडी धुवायची मुभा होती. गेलं वर्षभर गोड बोलून, भांडी घासून, सासूबाईंचे फोन घेऊन त्यांनी चावीला हात लावण्यापर्यंत मजल मारली होती. त्यांनी बँकेत फोन लावला.

"चावी घेऊ का?"

"घ्या," बायको म्हणाली, "पण एक—"

'घ्या' ऐकल्यावर तातडीरावांनी फोन ठेवला.

पोहण्याच्या तलावाशेजारच्या उताराला गाडी लागली आणि आत्याने पदर तोंडाशी नेला. "अरे, मला गाडी लागतेय. पुढच्या बाकापाशी कडेला घे."

तातडीरावांनी जिथे होते तिथेच, भर रस्त्यात, करकचून ब्रेक दाबला. पाठोपाठ धाडकन आवाज झाला आणि मागून येणारी लाँड्रीची व्हॅन डिक्कीवर आदळली.

माणसांना ओरखडासुद्धा उठला नाही. आत्या खाली उतरली, गाडीच्या आडोशाला रस्त्याच्या कडेला बसून तिने पोट मोकळं केलं, चूळ भरली आणि म्हणाली, "हां, आता बरं वाटलं." डिक्कीचं झाकण मात्र आत दबलं होतं आणि काही केल्या बंद होत नव्हतं. व्हॅनचा एक दिवा फुटला होता. लाँड्रीवाला हात जोडूनच उतरला. स्वभावाने गरीब माणूस. "साहेब, माझा भाचा पत्र्याचंच काम करतो. उद्या गाडी पाठवा, तो—"

"उद्या?" तातडीराव कडाडले. एवढ्या वाक्यातला त्यांना तेवढाच शब्द ऐकू आला. लाँड्रीवाल्याने दिलेल्या कपडे वाळत घालायच्या दोरीने डिक्की बांधून, तसंच आत्याला डॉक्टरांना दाखवून ते घरी आले. प्रत्येक खड्ड्याला झाकण मागून टाळ्या वाजवत होतं.

संध्याकाळी बायकोने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं तातडीरावांना वाटलं.

"तरी मी सांगत होते," ती म्हणाली, "तो मागचा—"

"मागचाच!" तातडीराव उसळले. "सगळी चूक त्या मागच्याचीच! मी सोडणार नाही त्याला!"

बायकोने दीर्घ श्वास घेतला, खुंटीवरची चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. "शनिवारपर्यंत गाडी होती तशी दारात उभी राहिली, तर चावी पुन्हा खुंटीवर. नाही तर ती इथेच. आणि त्या माणसाशी सरळ बोला. वकीलबिकील करू नका."

मधलं वाक्य ऐकेपर्यंत तातडीराव वकील शोधायला लागले होते.

पहिला वकील ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीचा निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर?"

"बायकोच्या."

"मी घटस्फोटाच्या केसेस घेतो. माझा नंबर ठेवा. महिन्याभरात लागेल."

दुसरा म्हणाला, पुढच्या आठवड्यात भेटू. 'पुढच्या' म्हटल्याबरोबर तातडीरावांनी त्याला रद्द केलं. तिसरा त्यांना एका बसच्या पाठीवर सापडला. सिग्नलला उभी असलेली बस, तिच्यावर काळा कोट घातलेला हसरा माणूस आणि मोठ्या अक्षरांत: 'अपघात? घाबरू नका! आधी न्याय, मग फी!' खाली नंबर होता आणि नंबराखाली बारीक अक्षरांत आणखीही काही होतं. पण तेवढ्यात सिग्नल सुटला. तातडीराव बसमागे धावत नंबर पाठ करत सुटले. बारीक अक्षरं बसबरोबर गेली.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. (इथेच तातडीराव त्या वकिलावर फिदा झाले.)

"थोडक्यात सांगा," वकीलसाहेब म्हणाले.

थोडक्यात म्हटल्यावर तातडीराव खुललेच. "मी चालवत होतो. आत्या पुढे होती."

"पुढे होत्या. बरं."

"आत्याला गाडी लागली."

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. "लागली? जोरात?"

"चांगलीच! घामाघूम झाली बिचारी. तेवढ्यात मागून लाँड्रीची व्हॅन धाडकन आदळली. आणि मग उलटी झाली."

"उलटी झाली? पूर्ण?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण. आत काही म्हणून शिल्लक राहिलं नाही."

"अरे बापरे! एकदाच?"

"दोनदा. रस्त्याच्या कडेला. माणसं गोळा झाली."

"आणि आत्याबाई?"

"म्हणाली, आता बरं वाटलं."

"धक्क्यात माणूस असं बोलतो," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले. "यापूर्वी त्यांना कधी काही...?"

"अहो, तिला नेहमीच लागते. इथे येताना बस लागली."

"बससुद्धा! मग त्या केसचं पुढे काय झालं?"

"केस कसली? आल्याचा तुकडा तोंडात टाकला, झालं."

"जुनी माणसं सोशिक," वकीलसाहेबांनी नाक शिंकरलं. "पण आता मी आहे. आजच नोटीस लाँड्रीला, आजच त्याच्या विमा कंपनीला. तुम्ही निश्चिंत राहा."

निश्चिंत राहणं तातडीरावांना जन्मात जमलं नव्हतं. ते आता कसं जमणार? अर्ध्या तासाने त्यांनी फोन केला, नोटीस निघाली का? जेवणाच्या सुट्टीत केला, निघाली असेल तर कुठवर गेली? घरी आल्यावर केला, लाँड्रीवाल्याने ती वाचली असेल का, आणि वाचली असेल तर त्याला काय वाटलं असेल? रात्री अंथरुणावर कूस बदलून बदलून चादरीची दोरी झाली तेव्हा पुन्हा केला, "वकीलसाहेब, झोप लागत नाहीये, काय करू?" वकीलसाहेब न कंटाळता म्हणाले, "डोळे मिटून पडा." काय हा माणूस, तातडीरावांच्या मनात आलं, एक पैसा घेतलेला नाही आणि दर वेळी पहिल्या घंटीला फोन उचलतो!

दिवस चालले होते. गाडी तशीच दोरी बांधून दारात उभी होती आणि खुंटी मोकळी होती. येताजाता ती खुंटी तातडीरावांच्या डोळ्यांत खुपायची. वर्षभर घासलेली भांडी वाया जाणार, या विचाराने त्यांना घास गोड लागेना. रोज एकदा ते बायकोच्या पर्सकडे बघत, आणि बायको पर्सची चेन ओढून घेई.

गुरुवारी दुपारी तातडीराव ऑफिसात शिक्के मारत असताना लाँड्रीवाला त्यांच्या घरी आला. हातात फुलं, काखेत परीटघडीच्या चादरींचा गठ्ठा, आणि चेहरा त्या चादरींइतकाच पांढरा. दार आत्याने उघडलं; अपघाताच्या दिवशी ती गाडीआड बसली होती, त्यामुळे त्याने तिला पाहिलंच नव्हतं. ती स्टुलावर चढून पंखा पुसत होती, फडकं हातातच होतं.

"ताई," लाँड्रीवाल्याने कसंबसं विचारलं, "त्या आत्याबाई कुठल्या वॉर्डात आहेत?"

"आता कुठला वॉर्ड? मी निवृत्त झाले की. शेवटी बाळंतिणींच्या वॉर्डात होते. का?"

लाँड्रीवाला दारातच खाली बसला. आत्याने त्याला पाणी दिलं, त्याची नाडी बघितली, मग त्याच्या खिशातून डोकावणारी नोटीस ओढून नवा चष्मा लावून वाचायला घेतली. पहिल्या परिच्छेदाला तिच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला ती भिंतीला टेकली. तिसऱ्याला तिला एवढं हसू लोटलं की लाँड्रीवाल्यालाच उठून तिला पाणी द्यावं लागलं.

"उद्या विमा कंपनीत बोलावलंय," लाँड्रीवाला म्हणाला. "व्हॅन विकावी लागणार बहुतेक."

"काही विकू नकोस," आत्याने डोळे पुसले. "उद्या मी येते. सूनबाईलाही आणते. माझ्या भाच्याला मात्र बोलू नकोस, तो पुरतं ऐकून घेणार नाही."

विमा कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. तातडीराव अर्थातच तासभर आधी येऊन व्हरांड्यात येरझारा घालत होते. वकीलसाहेब आले. बसवरच्या चित्रात होते त्यापेक्षा बरेच म्हातारे दिसत होते. आत विमा अधिकारी थंड चहाच्या कपासमोर बसले होते, आणि कोपऱ्यात लाँड्रीवाला.

"माझ्या अशिलाच्या आत्याबाई," वकीलसाहेबांनी रुमाल काढला, "आज इथे येऊ शकल्या नाहीत. येणार तरी कशा? ज्या वृद्धेला—"

दार उघडलं. तीन मजले चढूनही धाप न लागलेली आत्या आत आली. तिच्या मागून बायको आली. बायकोला बघून तातडीराव खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"या कोण?" वकीलसाहेब म्हणाले.

"मी ती. गाडी लागलेली."

वकीलसाहेबांनी तिच्या पायांकडे बघितलं. "आपण... चालता?"

"चालवतेसुद्धा."

विमा अधिकाऱ्यांनी नोटीस उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'माझ्या अशिलाची आत्या वाहनाच्या पुढे असताना तिला वाहन जोरात लागले. तदनंतर सदर वाहन दोन वेळा पूर्णपणे उलटे होऊन आतील काहीही शिल्लक राहिले नाही.' आणि हा फोटो. यात गाडी सरळ उभी दिसतेय. डिक्कीला दोरी आहे तेवढीच."

"मी वाहनाच्या पुढे नव्हते, पुढच्या सीटवर होते," आत्या म्हणाली. "आणि उलटी गाडीला नाही झाली हो, मला झाली! गाडी लागते मला!"

वकीलसाहेबांनी तातडीरावांकडे बघितलं. तातडीरावांनी छताकडे बघितलं. तिथे एक पंखा होता, तोही सावकाशच फिरत होता.

"तुम्ही भर रस्त्यात ब्रेक का मारलात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आत्याला गाडी लागली म्हणून."

"म्हणजे आधी गाडी लागली म्हणून तुम्ही गाडी थांबवली, आणि गाडी थांबवली म्हणून गाडी लागली?"

"मी पुढच्या बाकापाशी थांबव म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "याने 'पुढच्या' ऐकलंच नाही."

"आणि साहेब," लाँड्रीवाला पहिल्यांदाच बोलला, "मी अंतर ठेवून होतो हो. पण यांचा मागचा लाल दिवा लागलाच नाही. थांबताहेत हे मला कळणार कसं?"

"नाहीच लागत तो," बायको शांतपणे म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "मी यांना फोनवर तेच सांगत होते. 'घ्या, पण एक काम करा, आधी मागचा दिवा बदलून घ्या, तो लागत नाही.' 'पण एक' एवढ्यावर यांनी फोन ठेवला. संध्याकाळी मी पुन्हा म्हणाले, 'तो मागचा—' तर म्हणतात कसे, मागचाच, सगळी चूक मागच्याचीच!"

कोणी हसलं असतं तर तातडीरावांना सोसलं असतं. पण लाँड्रीवाला हसत नव्हता. त्याचे डोळे तांबारलेले होते. "सोमवारपासून डोळ्याला डोळा नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गाडी उलटली नाही हे दिसलं होतं, पण तिच्यापुढे कोणी होतं का, ते कुठे दिसलं? आपल्या हातून एका म्हाताऱ्या बाईला... इस्त्री करताना दोन चादरी जाळल्या."

तातडीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंथरुणावर तळमळताना आपल्यासारखंच आणखी कोणी तळमळत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी उठून लाँड्रीवाल्याचा हात धरला. "चुकलो मी," ते म्हणाले. "तुमचा दिवा मी भरून देतो. चादरीही."

लाँड्रीवाल्याचा चेहरा उजळला. "राहू द्या हो चादरी. मी पहिल्याच दिवशी म्हणत होतो, उद्या गाडी पाठवा, भाचा फुकट करून देईल. तुम्ही 'उद्या'वरच रागावलात."

जिना उतरताना तातडीरावांना एका गोष्टीचं समाधान होतं. ते वकीलसाहेबांना म्हणाले, "न्याय काही मिळाला नाही. म्हणजे फीही नाही, खरं ना?"

"फी कसली घेतो!" वकीलसाहेब मनापासून म्हणाले आणि बॅगेतून एक लांबलचक कागद काढला. "हे फक्त फोनचं. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे वेगळे, जाहिरातीत लिहिलंय तसं. नंबराच्या खालीच आहे बघा."

बायकोने कागद ओढून घेतला. "'नोटीस निघाली का, याबाबत सल्ला,'" ती वाचू लागली. "'नोटीस कुठवर गेली, याबाबत सल्ला. समोरच्याला काय वाटले असेल, याबाबत सल्ला.' आणि हे काय? 'डोळे मिटून पडणे, रात्रपाळीचा दर'?" पुढचे दोन मजले ती आणि आत्या एकमेकींच्या खांद्याला धरून उतरल्या. बिल मात्र तातडीरावांनी भरलं, आणि तेही घड्याळ विकून. त्या पैशांत डिक्कीच काय, हौसेने पुढचा पत्राही ठोकून घेता आला असता.

शनिवारी सकाळी लाँड्रीवाल्याच्या भाच्याने गाडी आणून उभी केली. डिक्की चकाचक होती आणि मागचा लाल दिवाही लागत होता. बायकोने पर्स उघडली, चावी काढली आणि सगळ्यांदेखत खुंटीवर टांगली. तातडीराव झेपावले. पण खुंटीपाशी आत्या आधीच उभी होती.

"हे काय!" तातडीराव कळवळले. "ठरलं काय होतं?"

"गाडी होती तशी आली तर चावी खुंटीवर," बायको म्हणाली. "तशी टांगली. ती खुंटीवरून कोणी काढायची, ते कुठे ठरलं होतं? हवं तर वकिलांना विचारा."

नवा चष्मा लावून आत्या चालवायला बसली, शेजारी बायको. तातडीराव मागे. आत्याचा हात अजून जीपच्याच सवयीचा होता. ती वळणं रुंद घेई, गतिरोधकावर गाडी हळुवार चढवी आणि दणकन उतरवी. तलावाशेजारच्या उताराला तातडीरावांच्या कपाळावर घाम आला. पोटात काहीतरी वर येऊ लागलं.

"आत्या," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मला..."

"वाक्य पुरं कर," आत्या म्हणाली.

"मला गाडी लागतेय. थांबव."

आत्याने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि तशीच निघाली. "पुढच्या बाकापाशी थांबवते. मागून गाडी येतेय. दम धर जरा."

त्या बाकापर्यंतचं अंतर तातडीरावांनी तोंडावर रुमाल दाबून कापलं. गाडी थांबताच ते बाहेर धावले आणि रस्त्याच्या कडेला बसले. मागून येणारी व्हॅनही सावकाश थांबली, चांगलं चार गाड्यांचं अंतर ठेवून. खिडकीतून लाँड्रीवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं हो साहेबांना?"

"काही नाही," आत्याने ओरडून सांगितलं, "याला गाडी लागली!"

लाँड्रीवाल्याचा चेहरा पुन्हा चादरीसारखा झाला. "माझी नाही हो!" तो दोन्ही हात वर करून म्हणाला. "मी इथे लांब आहे! ताई, तुम्ही साक्षीदार!" मग धीर करून तो उतरला, एक परीटघडीचा नॅपकिन तातडीरावांच्या हातात दिला आणि घाईघाईने मागे सरला. "तोंड पुसा. परत नका करू, ठेवा तुमच्याकडेच. फक्त कोणाला फोन करू नका."